चॅप्लेन : ख्रिस्ती पाळकीय सेवेचे स्वरूप व मर्यादा
(नाशिक रोड परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

रुग्णालय, शाळा, तुरुंग, छावणी व कारखाना अशा संस्थांमध्ये राहून तेथील माणसांना आध्यात्मिक व मानसिक आधार देणाऱ्या ख्रिस्ती पाळकास ‘चॅप्लेन’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या पदाची उत्पत्ती, नाशिक रोड-देवळाली-शरणपूर परिसरातील त्याचा इतिहास, निरनिराळ्या संस्थांमधील त्याचे प्रत्यक्ष काम आणि भारतीय संविधानाच्या चौकटीतील त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. दुःखात सापडलेल्या माणसाजवळ थांबणे ही धर्मनिरपेक्ष संस्थेचीही गरज आहे. मात्र आधार देणारा हात आणि धर्मांतर घडविणारा हात एकच असता कामा नये, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे.

बीजसंज्ञा : चॅप्लेन, पाळकीय सेवा, शरणपूर, देवळाली, समुपदेशन, संविधानाचे कलम २८.

१. प्रस्तावना

नाशिक रोड हे संस्थांचे गाव आहे. रेल्वे स्थानकाभोवती वाढलेल्या या उपनगरात १९२० च्या दशकात भारत प्रतिभूती मुद्रणालय व चलार्थपत्र मुद्रणालय ही दोन मोठी सरकारी मुद्रणालये उभी राहिली. त्याच दशकात मध्यवर्ती कारागृह आले. पुढे महानगरपालिकेचे बिटको रुग्णालय, एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र, सेंट फिलोमिना व सेंट झेवियर्स यांसारख्या शाळा यांची भर पडली. जवळच देवळालीची लष्करी छावणी आहे. या प्रत्येक ठिकाणी माणूस आपल्या घरापासून काही काळ दूर, दुसऱ्याने ठरविलेल्या नियमांत व वेळापत्रकात राहतो. रुग्ण खाटेला खिळलेला असतो, कैदी भिंतीआड असतो, कामगार पाळीला बांधलेला असतो आणि सैनिक हुकमाला.

चॅप्लेन ही संकल्पना नेमक्या अशाच परिस्थितीतून जन्माला आली. सामान्य पाळक चर्चमध्ये असतो आणि मंडळी त्याच्याकडे येते. जी माणसे चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे जो स्वतः जातो तो चॅप्लेन होय. मराठी वाचकांना ‘पाद्री’, ‘फादर’ व ‘मिशनरी’ हे शब्द परिचित आहेत. परंतु चॅप्लेनचे काम या तिघांहून कोठे वेगळे आहे, याविषयी मराठीत फारसे लेखन झालेले दिसत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय केवळ धर्मेतिहासापुरता मर्यादित नाही. आपल्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचा पिता अकस्मात जातो, तेव्हा संस्थेच्या वतीने त्याच्याजवळ कोणी बसावयाचे, या प्रश्नाशी तो थेट निगडित आहे.

२. संज्ञा व पूर्वपीठिका

चौथ्या शतकातील संत मार्टिन यांनी आपला झगा कापून अर्धा भाग थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास दिला, अशी आख्यायिका आहे. त्या झग्याचा अवशेष फ्रँक राजे जपून ठेवीत व लढाईवरही नेत. झग्यास लॅटिनमध्ये ‘कॅपेला’ म्हणत, त्याची राखण करणाऱ्या धर्मगुरूंना ‘कॅपेलानी’. ‘चॅपेल’ व ‘चॅप्लेन’ हे दोन्ही शब्द त्यावरूनच आले. उघड्यावरील माणसाला दिलेले पांघरूण आणि राजाच्या लष्करातील नेमणूक, अशी दुहेरी वाटचाल या शब्दाच्या मुळाशीच आहे. ती पुढील इतिहासातही आढळते.

भारतात हे पद ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आले. १६९८ च्या सनदेने कंपनीच्या प्रत्येक ठाण्यात व वखारीत एक धर्मसेवक असावा आणि पाचशे टन किंवा त्याहून अधिक भाराच्या जहाजावर एक चॅप्लेन असावा, असे बंधन घातले. धर्मसेवकांनी पोर्तुगीज भाषा व स्थानिक भाषा शिकावी, अशीही अट त्यात होती. चॅप्लेनचा खर्च टाळण्यासाठी कंपनी ४९९ टनांची जहाजे भाड्याने घेत असे, ही नोंद इतिहासकारांनी वारंवार केली आहे. संस्थेला चॅप्लेन हवा असतो, परंतु त्याचा खर्च नको असतो, हे वास्तव तेव्हापासूनचे आहे.

मुंबईतील कंपनीचे चॅप्लेन रिचर्ड कॉब यांच्या प्रयत्नांनी आजचे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. त्याच सुमारास त्यांनी गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळाही सुरू केली. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्यास बिशप व तिन्ही इलाख्यांत आर्चडीकन नेमण्याची तरतूद केली. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सोसायटीची भायखळ्याची शाळा १९२५ मध्ये देवळालीस आली, तीच आजची बार्न्स स्कूल. शाळेला नाव मिळाले ते या आर्चडीकनचेच. नाशिक रोडपासून काही किलोमीटरवर असलेल्या या शाळेची वंशावळ अशा रीतीने कंपनीच्या एका चॅप्लेनपर्यंत पोहोचते.

कंपनीचे व पुढे ब्रिटिश सरकारचे चॅप्लेन सरकारी पगारावर असत. त्यांची पहिली जबाबदारी युरोपीय सैनिक व अधिकारी यांची होती. धर्मप्रसार करणारे मिशनरी हे वेगळ्या संस्थांचे प्रतिनिधी असत आणि १८१३ पूर्वी कंपनी त्यांच्याकडे संशयानेच पाहत असे. चॅप्लेन व मिशनरी हा भेद म्हणजे केवळ शब्दांचा खेळ नव्हे. त्यांचे मालक, श्रोते व हेतू हे तिन्ही निराळे होते.

३. शरणपूर : आश्रय आणि अवलंबित्व

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विल्यम साल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. शाळा, अनाथालय व उद्योगशाळा असे तिचे स्वरूप होते. अरबी समुद्रातील गुलामवाहू गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुलेही येथे आणली गेली. त्यांना सुतारकाम, लोहारकाम व इंग्रजी शिकविले जाई. ‘नाशिकची मुले’ म्हणून ती पुढे ओळखली गेली.

त्यांपैकी सहा जण १८७२ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेले. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबो येथे लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या प्रसंगी दफनविधीची प्रार्थना वाचली ती शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट याने. पार्थिवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस उपस्थित राहिला. दीक्षित पाळक जवळ नसताना, घरापासून दूर मृत्यू पावलेल्या माणसासाठी जे करावयाचे ते नाशिकच्या शाळेत शिकलेल्या एका मुक्त गुलामाने केले. पदाविना केलेली ही चॅप्लेनचीच सेवा होती.

मात्र शरणपूरची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तेथे अन्न, निवारा, शिक्षण आणि धर्म या चारही गोष्टी एकाच हातातून मिळत होत्या. मुलांची मूळ नावे जाऊन इंग्रजी नावे आली. अनाथ व परावलंबी मुलाची धर्माविषयीची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. आजच्या पाळकीय सेवेची नीती मात्र याच प्रश्नापासून सुरू होते.

४. चॅप्लेन प्रत्यक्ष काय करतो ?

(अ) रुग्णालयात : महाराष्ट्रात मिरजेचे वॉनलेस रुग्णालय, तर दक्षिणेत आयडा स्कडर यांच्या कार्यातून उभे राहिलेले वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय ही मिशनच्या वैद्यकीय सेवेची ठळक उदाहरणे होत. वेल्लोर येथे पाळकीय सेवेचा स्वतंत्र विभाग असून त्या कामाचे शिक्षणही दिले जाते. या शिक्षणपद्धतीचे मूळ अँटन बॉइसन यांच्याकडे जाते. स्वतः मनोविकाराने रुग्णालयात राहिलेल्या या पाळकाने १९२५ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांसमवेत प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुस्तकांप्रमाणेच दुःखी माणूस हाही वाचावयाचा ‘जिवंत दस्तऐवज’ आहे, अशी त्यांची भूमिका होती.

प्रशिक्षित चॅप्लेनची भेट साधी असते. तो परिचारिकेला विचारून खाटेजवळ जातो, आपली ओळख सांगतो, थांबू का असे विचारतो. रुग्णाने नकार दिल्यास निघून जातो. रोगाविषयी सल्ला देत नाही, ‘सर्व ठीक होईल’ असे आश्वासनही देत नाही. तो प्रामुख्याने ऐकतो. रुग्ण ख्रिस्ती असल्यास व त्याची इच्छा असल्यास प्रार्थना, प्रभुभोजन किंवा कॅथॉलिक परंपरेतील तैलाभ्यंग हे विधी होतात. रुग्ण अन्यधर्मीय असल्यास त्याला हवा असलेला धर्मग्रंथ वा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हेही चॅप्लेनचेच काम समजले जाते. थकलेली परिचारिका व निवासी डॉक्टर यांनाही त्याच्याशी बोलता येते.

या कामाला आता वैद्यकशास्त्राचीही मान्यता आहे. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही अंगांनी वेदना समजून घेणारी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत परिहारक उपचारामध्ये आध्यात्मिक प्रश्नांचाही समावेश आहे. भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून ओळखले जाणारे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले.

(आ) शाळेत : शाळेतील चॅप्लेन सकाळची उपासना घेतो, ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण देतो, आणि वसतिगृहातील मुलांचा वडीलधारा असतो. यांपैकी तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. तो गुण देत नाही, शिक्षाही करीत नाही. त्यामुळे जे वर्गशिक्षकास सांगता येत नाही ते मूल त्याला सांगते. शिस्त व विश्वास ही दोन खाती एकाच व्यक्तीकडे नसावीत, हा यातील शैक्षणिक धडा होय.

(इ) कारखान्यात : शेफील्डचे बिशप लेस्ली हंटर यांनी १९४४ मध्ये टेड विकहॅम यांना पोलाद कारखान्यांतील कामगारांमध्ये काम करण्यासाठी नेमले. जेवणाच्या सुट्टीत भट्टीजवळ कामगारांच्या घोळक्यात बसून बोलणे, ही त्यांची पद्धत होती. चॅप्लेनने व्यवस्थापनाचा पगारी माणूस असू नये आणि कामगार संघटनेचा प्रचारकही असू नये, हे तत्त्व तेथून रुजले. भारतात दुर्गापूरच्या पोलादनगरीत १९६० च्या दशकात केनियन राइट यांनी याच धर्तीचे काम केले.

भारतीय कारखान्यांत मात्र ही जागा वेगळ्या मार्गाने भरली गेली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ नुसार पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. तक्रार, कर्ज, आजारपण, व्यसन, घरातील मृत्यू असे प्रश्न घेऊन कामगार त्याच्याकडे जातो. परंतु हा अधिकारी व्यवस्थापनाचा नोकर असतो आणि ही अडचण कामगार ओळखून असतो.

(ई) छावणीत व तुरुंगात : देवळाली हे ब्रिटिश काळात सैन्याचे संक्रमण शिबिर होते. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत सैनिक येथे अनेक महिने काढीत. रिकामपण, उष्मा, ताप व घरची ओढ यांनी हैराण झालेल्या या सैनिकांमुळे देवळालीच्या नावावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा भ्रमिष्टपणासाठीचा शब्द रूढ झाला. छावणीत चॅप्लेन का लागतो, याचा याहून बोलका पुरावा नको. स्वातंत्र्यानंतर सरकारी चॅप्लेनांची ब्रिटिश व्यवस्था संपली. पण भारतीय लष्कराने मूळ कल्पना टाकून दिली नाही, तिचा विस्तार केला. आज लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्खू असे सर्वधर्मीय धर्मशिक्षक कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी म्हणून नेमले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांना एकत्र प्रशिक्षण मिळते. अनेक ठाण्यांत ‘सर्वधर्मस्थळ’ एकाच छपराखाली असते.

तुरुंगाची स्थिती निराळी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९५२ च्या कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगात अधीक्षकाप्रमाणेच चॅप्लेन असणे आवश्यक आहे. आपल्याकडे ही सेवा मुख्यतः बाहेरून परवानगीने येणाऱ्या स्वयंसेवी गटांवर अवलंबून असते. तथापि तुरुंगातील आध्यात्मिक सोबतीची मराठी परंपरा समृद्ध आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी सहबंद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. दोघांपैकी कोणाचीही तेथे धर्मसेवक म्हणून नेमणूक झालेली नव्हती. बंदिवासातील माणसाला अन्नाइतकीच अर्थाचीही गरज असते, हे त्यांनी जाणले होते.

५. संविधानाची चौकट व नैतिक मर्यादा

भारतीय संदर्भात या सेवेचा विचार करताना पुढील मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे आहे.

१. शिक्षणसंस्था : संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि अज्ञानाच्या बाबतीत पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. अल्पसंख्याक संस्थाही यास अपवाद नाही.

२. प्रचार व धर्मांतर : कलम २५ मध्ये धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य आहे. तथापि रेव्हरंड स्टेनिस्लॉस प्रकरणात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. रुग्ण, बालक व कैदी हे तिघेही दुर्बल अवस्थेत असतात. त्यामुळे कायद्याने जे निषिद्ध नाही तेही येथे नीतीने निषिद्ध मानावे लागते. उपचार, प्रवेश वा सवलत यांचा प्रार्थनेशी दूरान्वयानेही संबंध असता कामा नये.

३. गोपनीयता : कॅथॉलिक परंपरेत पापनिवेदनाची गुप्तता अभंग मानली जाते. भारतातील पुराव्याविषयीच्या कायद्याने वकील व अशील यांच्या संभाषणास जे संरक्षण दिले आहे, तसे धर्मगुरूजवळ केलेल्या निवेदनास दिलेले नाही. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीवर ती कळविण्याचे बंधन आहे. ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे वचन मुलास देण्यापूर्वी चॅप्लेनने, आणि तितकेच अध्यापकाने, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

४. सीमारेषा : चॅप्लेन हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार वा भ्रम आढळल्यास वैद्यकीय मदतीकडे पाठविणे हेच त्याचे कर्तव्य ठरते. प्रार्थनेने औषध थांबविण्याचा सल्ला देणारा पाळक आपल्या कामाचाच घात करतो.

६. महाविद्यालयाने यातून काय घ्यावे ?

२१ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून वीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या दिवसांत जवळच्या माणसाचा हात धरणे, अखेरचे दर्शन घेणे, दुखवट्यास जाणे हे सर्व थांबले होते. आपल्या समाजात दुःखाची विचारपूस करण्याचे काम नातलग, शेजारी, भजनी मंडळ व आळीतील वडीलधारे करीत आले आहेत. ही वीण तुटली तर तिच्या जागी काय, याचे उत्तर आपल्या संस्थांजवळ तयार नव्हते. त्या वर्षी आई वा वडील गमावलेली मुले पुढे आपल्याच वर्गांत येऊन बसली.

२५ जुलै २०२५ रोजी सुकदेव साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक वा तत्सम तज्ज्ञ नेमावा, असा त्यात निर्देश आहे. हे आवश्यकच आहे. परंतु समुपदेशक आपल्या खोलीत बसतो आणि विद्यार्थ्याने त्याच्याकडे जावयाचे असते. चॅप्लेनचे वैशिष्ट्य याच्या उलट आहे. तो स्वतः उठून जातो. कोणाची उपस्थिती अकस्मात घटली, कोण मधल्या सुट्टीत एकटा बसतो, कोणाच्या घरी मृत्यू झाला, याची दखल घेऊन आपण होऊन भेटणारा एखादा अध्यापक प्रत्येक विद्याशाखेत असणे शक्य आहे. त्याच्याकडे त्या विद्यार्थ्याचे गुणदान वा शिस्तभंगाची चौकशी नसावी. त्याला ऐकण्याचे व योग्य ठिकाणी पाठविण्याचे प्राथमिक प्रशिक्षण मिळावे. त्याने कोणत्याही धर्माचा प्रचार करू नये. मात्र विद्यार्थ्याने स्वतःहून श्रद्धेचा विषय काढल्यास तो हसण्यावारी नेऊ नये वा टाळू नये. आणि हे काम त्याच्या कार्यभारात मोजले जावे. अन्यथा ४९९ टनांच्या जहाजाचीच पुनरावृत्ती होईल.

७. निष्कर्ष

१. चॅप्लेन हा संस्थेत राहून, परंतु संस्थेच्या अधिकाररचनेपासून काहीसा अलिप्त राहून, माणसाला सोबत करणारा पाळक होय. मिशनरी, समुपदेशक व कल्याण अधिकारी यांच्याहून त्याची भूमिका भिन्न आहे.

२. देवळाली, शरणपूर व नाशिक रोड परिसराच्या इतिहासात या सेवेची उजळ बाजू व तिचे धोके दोन्ही दिसतात. जेकब वेनराइटने वाचलेली प्रार्थना आणि त्याच शाळेतील मुलांची बदललेली नावे ही एकाच वारशाची दोन अंगे आहेत.

३. भारतीय लष्कराने ही ख्रिस्ती संकल्पना सर्वधर्मीय रूपात स्वीकारली. रुग्णालये व तुरुंग यांनीही तसा विचार करण्यास वाव आहे.

४. मुक्त संमती, लाभापासून प्रार्थनेची फारकत, गोपनीयतेविषयी प्रामाणिकपणा आणि तज्ज्ञांकडे पाठविण्याची तयारी या चार अटी पाळल्या, तरच ही सेवा धर्मनिरपेक्ष समाजात विश्वासास पात्र ठरते.

५. महाविद्यालयांना चॅप्लेन नेमण्याची गरज नाही. दुःखी विद्यार्थी दाराशी येईपर्यंत न थांबता त्याच्यापर्यंत जाणे, ही त्याची रीत मात्र अध्यापकांनी आत्मसात करण्यासारखी आहे.